मानेपुरतं माप

१

काडतुसाच्या मानेचा डाय, म्हणजे साचा, बसवताना घाई करू नये, हे मला माझ्या थोरल्या भावाने शिकवलं. काउको बाकी सगळ्या बाबतीत उतावळा. कॉफी उकळायच्या आत ओतायचा, लग्नही तसंच उरकलं. पण सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकाशी बसला की माणूस बदलायचा. काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा खाली ओढायचा, पुंगळी धरणारी बैठक वर आली की डाय हाताने फिरवत तिच्यावर टेकवायचा, आणि मग मध्ये एखादं नाणं मावेल इतका मागे घ्यायचा. "मानेपुरतं, ओइवा," म्हणायचा. "खांद्याला हात लावायचा नाही."

गोळी सुटते तेव्हा काडतुसाची पितळी पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या कोठीला आतून चिकटते. थंड झाली की त्या कोठीचाच आकार घेऊन बाहेर येते. वर्षानुवर्षं घातलेला बूट एकाच पायाचा होतो, तसं. मग शहाणा माणूस तिला पुन्हा सगळीकडून दाबत बसत नाही. नवी गोळी पकडण्यापुरती फक्त मान आवळतो, तिच्याखालचा उतरता खांदा आणि बाकीचं अंग बंदुकीने घडवलं तसंच ठेवतो. असं काडतूस नेमकं जातं, पण एकाच बंदुकीचं होऊन राहतं. दुसऱ्या बंदुकीत घालून बघा, कोठी बंद करणारा बोल्ट शेवटच्या बोटभर अंतरावर अडून बसतो.

आम्हा भावांच्या रायफली एकाच मापाच्या, एकाच कारखान्यातल्या, वडिलांनी एकदमच आणलेल्या. तरी काउकोच्या रायफलीची कोठी केसभर लांब होती, आणि तिची सुई काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या मधोमध न बसता एका कडेला बसायची. "तुझी माझ्यात जातात, माझी तुझ्यात जात नाहीत," तो चिडवायचा. "थोरला कोण ते पितळालासुद्धा कळतं." सरमिसळ नको म्हणून तो आपल्या काडतुसांच्या बुडाला बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायचा. डावखुरा होता, त्यामुळे ते करताना त्याचं कोपर कायम माझ्या कॉफीला लागायचं.

चार वर्षांपूर्वी मूस हरणांच्या शिकारीत तो गेला. हौकीयार्वी तळ्याच्या काठचा ठिय्या त्याचा होता, शिकार हाकून आणेपर्यंत तिथे दबा धरून बसायचं. ऑक्टोबरअखेरचं धुकं होतं, तळ्यातल्या खाडीवर पहिलं पातळ बर्फ धरलेलं. वॉकी-टॉकीवर त्याचे शेवटचे शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकले. हसत म्हणाला होता, "हात काय करतोस, ओइवा? थांब, येतो की."

मी तेव्हा डोंगराच्या पार पलीकडे होतो, कुत्र्यांबरोबर. खाडीच्या मध्यावर बर्फात भोक सापडलं आणि त्याच्या कडेला काउकोची केशरी टोपी. तो नाही आणि त्याची रायफलही नाही. हौकीयार्वीच्या तळाला चिखल आहे, आणि त्या चिखलाचा अजून कुणाला अंत लागलेला नाही.

त्याची बायको दक्षिणेला निघून गेली. मुलगी राहिली, तूलिया. लाकडाचा ट्रक चालवते, माझ्यापेक्षा मोठ्याने शिव्या देते, आणि रविवारी माझ्याकडे जेवते. मला तिच्याशिवाय जगात कुणी नाही. यंदा तिने शिकारीची परीक्षा दिली, पास झाली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याने माझी रायफल ती घेणार होती. आणि ठिय्या मागून घेतला होता बापाचा.

२

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर सराव झाला. तूलियाने माझ्या रायफलीतून नव्या कोऱ्या काडतुसांची एक पेटी झाडली, मी माझी जुनी थोडी झाडली. रविवारी दुपारी पुंगळ्या घेऊन बाकाशी बसलो. ती मागे दालचिनीचा पाव खात बसली होती.

"टेकवलास ना? मग पुन्हा मागे का घेतोस?"

"मानेपुरतंच हवं म्हणून."

"आणि जास्त खाली गेलं तर?"

"तर पितळ सगळं विसरतं. त्याला वेगळा डाय आहे, अंगाचा. तो आळशी लोकांसाठी."

"म्हणजे रेयोकाकासाठी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो. रेयो आमच्या शिकारी टोळीचा प्रमुख.

दांडा खाली ओढला की मान आवळली जायची आणि जुनी टोपी सुटून खाली कॉफीच्या डब्यात पडायची, टण्. मला तो आवाज आवडतो. आयुष्यभर लाकडाच्या कारखान्यात करवतींना धार लावली, तेव्हा कानांना दुसरं काही गोड लागतच नाही. एरवी पहिलीच पुंगळी मान आवळून रिकामी रायफलीत घालून बघतो. त्या दिवशी गप्पांच्या नादात ते राहिलं, आणि तीन काडतुसं टोपी, दारू, गोळी घालून भरूनही झाली. मग आठवलं. आवळलेली एक रिकामी पुंगळी उचलली आणि रायफलीत सरकवली.

बोल्ट अडला. शेवटच्या बोटभर अंतरावर.

दुसरी घातली, तिसरी घातली. तेच. डाय चुकला म्हणावं, तर माझ्या जुन्या पुंगळ्या त्याच डायमधून आवळलेल्या होत्या. त्यातली एक घातली तर बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा मिटला. म्हणजे डाय बरोबर, रायफल बरोबर. न जाणाऱ्या सगळ्या पुंगळ्या तूलियाने झाडलेल्या.

"काका, गंमत बघ." तिने कॉफीचा डबा खिडकीशी नेला होता. "ह्यातल्या बऱ्याचशा टोप्यांना खड्डा एका कडेला आहे. काहींना मधोमध. असं का?"

मी भिंग घेतलं. खड्डा कडेला होता. टोपीमागून टोपी उलटी केली, कडेलाच. तसा खड्डा मी आयुष्यभर पाहिलाय, जगात एकाच रायफलीचा.

"माझा नेम कडेला जातो म्हणून असेल," ती म्हणाली.

"सुई सैल झाली असेल," मी म्हणालो. बापाच्या रायफलीची ही खोड तिला ठाऊक नव्हती. मीही सांगितली नाही.

मनाला समजावलं, काउकोच्या जुन्या पुंगळ्या कुठूनतरी मिसळल्या. पण कुणाच्याही बुडाला लाल ठिपका नव्हता. आणि हे पितळ मी याच उन्हाळ्यात दुकानातून आणलं होतं. काउको गेला तेव्हा ते पुंगळ्या म्हणून जन्मालाही आलं नव्हतं.

"तुझं नेलपॉलिश दे जरा," मी म्हणालो.

"नखं रंगवायचीत?"

"हो. रेयोला आवडतात."

तिची बाटली लालच निघाली. भरलेली ती तीन काडतुसंही तिने झाडलेल्या पुंगळ्यांचीच, त्यांच्या बुडाला ठिपके दिले. माझ्या रायफलीत ती जाणार नव्हती, इतरांत मिसळायला नकोत. नंतर सवडीने उकलू म्हणून जाकिटाच्या डाव्या खिशात टाकली. एक ठिपका ओघळला.

३

सोमवारी रेयो वॉकी-टॉकी द्यायला आला. आला की कॉफीचं भांडं रिकामं केल्याशिवाय उठत नाही. मी पुंगळ्यांचं सांगितलं, टोप्यांचं नाही.

"म्हातारा झालास तू," तो म्हणाला. "कसली ती मान आणि कसला खांदा! सरळ अंगाचा डाय लाव, दाब सगळ्या, आणि मोकळा हो. मूस काय मोजपट्टी घेऊन येतो?"

"काउकोची रायफल कुणाला सापडली असेल का, रेयो?"

त्याने कप खाली ठेवला. "सापडली असती तर मी आधी तुझ्याकडे आलो असतो. पाणबुड्यांचे हात खांद्यापर्यंत चिखलात जात होते. तू होतास की तिथे."

"तो त्या दिवशी कुणाला म्हणाला, हात काय करतोस?"

"खुंटाला. धुक्यात खुंटसुद्धा हात करतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "त्याने तुझं नाव घेतलं म्हणून तुला लागलंय, लेका. तू तिथे नव्हतास. सगळ्यांना माहीत आहे."

हेच तर मला लागलं होतं. मी तिथे नव्हतो, आणि काउकोची नजर ससाण्याची. खुंटाला भाऊ समजणाऱ्यातला तो नव्हता.

रेयो गेल्यावर मी अंगाचा डाय काढला. तेल लावून एकेक पुंगळी त्याच्यात पूर्ण दाबली. मानेच्या डायला फार जोर लागत नाही, याला लागतो. पितळ आत जाताना बारीक कण्हतं. त्या दिवशी ते कण्हणं मला ऐकवेना, म्हणून रेडिओवर बातम्या लावल्या. शेवटची निघाली तेव्हा सगळ्या माझ्या रायफलीत निमूट जात होत्या. पितळ विसरलं होतं. त्याच पुंगळ्या नव्याने भरून मी तूलियाची पेटी तयार केली.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटेना. दुसऱ्याने हौसेने मांडलेलं काहीतरी आपण मोडलं, असं वाटत राहिलं.

४

तरी मला खात्री हवी होती. बुधवारी दुपारी तूलियाला घेऊन खडीच्या खाणीवर गेलो. आधी मी एक काडतूस झाडलं. पुंगळी उचलून भिंगाखाली धरली. खड्डा मधोमध, अंग कोरडं, गरम.

"आता तू."

ती पालथी झोपली, गाल लाकडाला टेकवला. मी मागे तिच्या गाडीला टेकून उभा राहिलो, चांगला लांब. वारा नव्हता.

"काका, मानेवर फुंकू नकोस ना," ती न वळता म्हणाली. "गार लागतंय."

 तिच्या मागे खडी होती, नुसती खडी आणि ऊन. जवळच्या डबक्यावर कुठे तरंगसुद्धा नव्हता. तिच्या मानेवरचे बारीक केस मात्र एका बाजूला झुकलेले होते आणि थोडे थोडे हलत होते.

गोळी सुटली. तिने बोल्ट ओढला, पुंगळी खडीवर पडली. एरवी ती खणखणते. ही थप्पकन पडली.

"ओली आहे," तूलियाने उचलून नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. "शी! तळ्याच्या चिखलासारखा वास येतोय. कुठे ठेवली होतीस पेटी?"

मी पुंगळी तिच्या हातून घेतली. आतून पाणी ओघळलं, तपकिरी, बर्फासारखं गार. आत्ताच जिच्यात दारू पेटली त्या पुंगळीतून. बुडावरच्या टोपीला खड्डा होता, कडेला.

मला भीती वाटली. साधी भीती, पोरवयानंतर प्रथमच. मी भूतखेत मानत नाही. पण जे काही तिच्या मागे उभं राहतं, ते हौकीयार्वीतून येतं, एवढं मला दिसत होतं. आणि शनिवारी ही पोर त्याच काठावर एकटी बसणार होती. चार वर्षांपूर्वी एकाला बोलावून नेलं, आता दुसरीला न्यायचं होतं. मी तसाच अर्थ लावला.

५

शनिवारी सकाळी शेकोटीभोवती सगळे जमले. कुत्री ओरडत होती, काठीला खोचलेले सॉसेज भाजत होते. रेयोने जागा वाटायला सुरुवात केली.

"तळ्याचा ठिय्या, तूलिया."

"मी बसतो तळ्यावर," मी म्हणालो.

 तूलिया उठून माझ्यासमोर आली. "काका, चार वर्षं मी ह्या दिवसाची वाट बघितली. बाबा जिथे बसायचा तिथे एकदा बसायचंय मला. तुला माहीत आहे."

"पुढच्या वर्षी बस. आज तू समोरच्या टेकाडावर जा. दुर्बीण घे, मूस कुठून उतरतो ते सांग. तेही कामच आहे."

"ते पोरासोरांचं काम आहे!"

"रायफल माझी आहे," मी म्हणालो आणि तिच्या खांद्यावरून ती उतरवून घेतली. असं मी तिच्याशी कधी वागलो नव्हतो. तिचे डोळे भरले, पण रडली नाही. बापासारखी पाठ फिरवून चालू लागली.

"बरं, मोतीबिंदू," रेयो म्हणाला, "केशरी टोपी दिसली तर ती मूस नसते, एवढं लक्षात ठेव." लोक हसले. मीही हसलो. ती टेकाडावर, तळ्यापासून दूर. माझं काम झालं होतं.

ठिय्यावर पोहोचलो. काउकोने बसायला आडवा टाकलेला ओंडका तसाच होता, वर शेवाळ. समोर खाडी, तिच्यावर करडं बर्फ, मधूनमधून काळे डाग. खाडीपलीकडे टेकाड. आमच्याकडे रायफल रिकामीच न्यायची असते, जागेवर बसल्यावर भरायची. मी काडतुसांसाठी कमरेला हात घातला.

पट्टा नव्हता. पट्टा तूलियाच्या कमरेला होता, आणि चांगली काडतुसं त्यात. रायफल हिसकावण्याच्या तावात मी ती मागितलीच नव्हती. जाकिटाचा डावा खिसा चाचपला तर तीन हाताला लागली. बुडाला लाल ठिपके. माझ्या रायफलीत न जाणारी.

बिनकाडतुसाचा शिकारी! हे वॉकी-टॉकीवर सांगितलं असतं तर माझ्या मयतालासुद्धा लोक तेच सांगून हसले असते.  माझी पाळी आली तेव्हा इतरांसारखाच म्हणालो, "तळं, जागेवर."

"टेकाड, जागेवर," तूलियाचा आवाज आला, अजून फुगलेला.

६

कुत्र्यांचं भुंकणं डोंगरापलीकडे गेलं. वारा टेकाडाकडून माझ्या तोंडावर येत होता. बर्फ अधूनमधून कुरकुरत होतं.

"काका," वॉकी-टॉकी बोलला. "तुझ्याजवळ कोण आहे?"

"कुणी नाही."

"मला केशरी टोप्या दोन दिसतायत. ओंडक्यापाशी तू, आणि तुझ्या उजव्या हाताला मागे कोण? रेयोकाका?"

मागे वळून बघणं हे काही अवघड काम नाही. माणूस दिवसातून शंभर वेळा करतो. माझी मान वळेना. उजव्या गालाला गारवा जाणवत होता, सौनाचं दार उघडं राहिल्यावर लागतो तसा. आणि वास, तळाच्या चिखलाचा.

"तूलिया," मी बटण दाबून म्हणालो, "जागची हलू नकोस. काहीही झालं तरी."

 मग ती हसली. राग गेल्यावर हसते तसं. "बरं, बरं, येते. हात किती करशील! आणि माफी वगैरे नको मागूस, मी रडेन."

मी हात केला नव्हता. मी माफी मागितली नव्हती.

"तूलिया! येऊ नकोस!"

"फेरा घालून नको येऊ ना? बर्फावरूनच येते मग."

आणि माझ्याच मुठीतल्या त्या यंत्रातून मला माझा आवाज ऐकू आला. माझाच, खाकरून बोलायच्या सवयीसकट. "ये, ये. बर्फ पक्कं आहे. मी आत्ताच बघितलं."

मी ओरडलो. घसा फाटेस्तोवर ओरडलो, पण वाऱ्याने आवाज माझ्याच तोंडात परत कोंबला. मोतीबिंदूच्या जाळीतून मला टेकाडाच्या तपकिरी रंगावर एक केशरी डाग खाली सरकताना दिसला. डाग काठाशी आला आणि करड्या बर्फावर उतरला.

आमच्या जंगलात लागोपाठ तीन बार म्हणजे एकच अर्थ: जीव धोक्यात आहे, असाल तिथे थांबा. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मी पहिलं लाल काडतूस कोठीत घातलं आणि बोल्ट लोटला. शेवटच्या बोटभर अंतरावर तो अडला. तळहाताने ठोकला, नाही. काढून ओंडक्यावर ठेवलं. दुसरं घातलं, अंगाचा सगळा भार टाकला. नाही. तिसरं घातलं तेव्हा मी रडत होतो आणि मला कळतही नव्हतं. तेही गेलं नाही. आठवड्यापूर्वी नीट रिकामी पुंगळी घालून बघितली असती तर ही भरलीच नसती, खिशात चांगली असती. तिसरं काडतूस ओंडक्यावर इतर दोघांशेजारी ठेवलं आणि पुन्हा ओरडायला तोंड उघडलं.

तेव्हा माझ्या डाव्या कानाशी बोल्ट मिटला.

अलगद, जराही न अडखळता. शेवटी बारीक दुहेरी टिक झाली. ती टिक मी कुठेही ओळखेन. लहानपणापासून शिकारीला गेलं की ती माझ्या डाव्या बाजूलाच वाजत आली होती.

बार झाला. बोल्ट ओढला, मिटला. बार. पुन्हा बार. डावा कान सुन्न झाला. खाडीभर प्रतिध्वनी फिरला आणि बर्फावरचा केशरी डाग जागच्या जागी थांबला. मग आडवा झाला. तिला शिकवलं होतं तसं पोटावर पडून ती मागे सरकू लागली. ती होती त्याच्या दोन हात पुढे बर्फावर काळी रेघ उमटली, रुंदावली, आणि पाणी वर आलं.

"तीन बार कुणी काढले?" वॉकी-टॉकीत रेयो किंचाळत होता. "सगळे थांबा! कोण आहे?"

ती काठाला लागेपर्यंत माझी मान वळली नाही. मग वळली. मागे कुणी नव्हतं, ना डावीकडे, ना उजवीकडे. ओंडक्यावर तीन पुंगळ्या उभ्या होत्या, रिकाम्या, बुडाला लाल ठिपके, एकाचा ओघळलेला. शेवाळावर त्यांच्याभोवती पाणी साचलं होतं.

रेयो तूलियाला घेऊन काठाकाठाने आला. आल्या आल्या माझी कॉलर धरली. "तूच तिला बर्फावर बोलावलंस! आम्ही सगळ्यांनी ऐकलं! आणि मग वर बार काढतोस?"

मी रायफल त्याच्या हातात दिली. त्याने नळी नाकाशी नेली. मग बोल्ट काढून नळीतून आभाळ बघितलं. आत तेल होतं, धुराचा वाससुद्धा नव्हता. त्याने कॉलर सोडली आणि तो ओंडक्यावरच्या पुंगळ्यांकडे बघत राहिला. त्यांना हात लावला नाही.

"चला इथून," एवढंच म्हणाला.

रेयो पुढे निघाल्यावर तूलियाने माझा हात धरला. तिचे दात वाजत होते.

"आधी तुम्ही दोघं होतात, काका. बार झाले तेव्हा तिघं."

मी माझं जाकीट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं.

"तिसरा तुझ्या डाव्या हाताला होता. रायफलीवरून डावा हात आडवा टाकून बोल्ट ओढत होता." तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "तो बाबा होता ना?"

"हो," मी म्हणालो. चार वर्षं जे रडायचं राहिलं होतं ते आम्ही तिथे चालता चालता रडलो. पुष्कळ वेळाने मी विचारलं, "आणि दुसरा?"

"तो हात करतच होता," ती म्हणाली. "बार झाले तरी थांबला नाही. काका, त्याचं तोंड तुझं होतं."

७

अंगाचा डाय मी रेयोला देऊन टाकला. त्याने का म्हणून विचारलं नाही.

मी सगळं उलटं समजलो होतो. खाणीत पोरीच्या मानेवर फुंकणारा तिला न्यायला आलेला नव्हता. तो शेजारी उभा राहून आपल्या मापाची काडतुसं घडवून घेत होता. आणि मी मूर्ख, जोर लावून पितळाला ते विसरायला लावत होतो. तीन तेवढी माझ्या चुकीने वाचली.

त्या तीन पुंगळ्या वाळवल्या, मानेचा डाय बसवला, नाणं घालून मागे घेतला, आणि पुन्हा भरल्या. खांद्याला हात लावला नाही. लाल ठिपके देऊन ओंडक्यावर ठेवून आलो. तूलिया सोबत होती. आम्ही काठापासून लांब, एकमेकांचा हात धरून गेलो. आता आमचा नियम आहे, तळ्याजवळ कुणी बोलावलं तर हात हातात असल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

काल दुपारी पुन्हा गेलो, नुसतं बघायला. तिन्ही काडतुसं रिकामी होती, ओली, टोपीला खड्डा कडेला. गावात विचारून आलो. आठवडाभर तळ्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. सगळे आपापल्या घरी सुखरूप होते.

"मग बाबाने कुणाला थांबवलं?" तूलियाने विचारलं.

 आज सकाळी उठलो तर रात्री दारात कोरडे काढून ठेवलेले माझे बूट घोट्यापर्यंत ओले होते, हौकीयार्वीच्या चिखलाने माखलेले, आणि डाव्या कानाने अजून ऐकू येत नाहीये. मी बाकाशी येऊन बसलो, दांडा खाली ओढला, डाय टेकवला, मागे घेतला. आज पेटीभर भरायची आहेत.